दक्षिणमुखी घर आणि आईचा खिळा

उल्हासनगरात आम्ही ज्या ज्या घरात भाड्याने राहिलो, त्या प्रत्येक घराच्या मालकाने किल्ली देताना एकच गोष्ट बजावली: भिंतीला खिळा मारायचा नाही. पाणी किती वाजता येतं, लाइट बिल कोणाच्या नावावर आहे, गेट कधी बंद होतं, हे सगळं नंतर. आधी खिळा. एक सिंधी आंटी होत्या. त्यांनी तर माझ्या आईच्या हातावर किल्ली ठेवली आणि किल्ली न सोडताच म्हणाल्या, "देखो, कील मत ठोकना हां. दीवार रोती है." आईने मान डोलावली. जिन्यात आल्यावर मी म्हटलं, "दीवार रोती है म्हणे! बाथरूमची भिंत आताच रडून रडून हिरवी झालीय, ती दिसत नाही का त्यांना?" आई म्हणाली, "हळू बोल गं बाई. अजून सामान यायचंय."

तशा आंटी वाईट नव्हत्या. दिवाळीला मिठाई द्यायच्या, आईला ताप आला तेव्हा स्वतः डाळ घेऊन आल्या होत्या. पण आल्या की आधी चारी भिंतींवरून त्यांची नजर फिरायची, मग आईच्या कपाळाला हात.

आता आमच्याकडे टांगायला असं होतं तरी काय? एक तसबीर. बुद्धाची, वहीपेक्षा थोडी लहान, सोनेरी कडेची. खिळा नाही म्हणून ती प्रत्येक घरात फ्रीजवर टेकवून ठेवलेली असायची. फ्रीजचं मशीन सुरू झालं की तसबीर थरथरायची, आणि हळूहळू पुढे सरकायची. मग आई वंदना अर्धी थांबवून ती मागे सरकवायची. "हा काय फ्रीजवर ठेवायचा माणूस आहे का?" असं ती महिन्यातून एकदा तरी म्हणायची. बरं, फ्रीजवर तिच्या शेजारी औषधांची पिशवी, टॉर्च आणि भाज्यांचे रबरबँड. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं की तसबीर सतरंजीत गुंडाळायची, टेम्पोत मी ती मांडीवर घ्यायची, आणि पुढच्या घरात परत तोच फ्रीज.

खिळा नव्हता असं मात्र नाही. खिळा होता. बाबा शहाडजवळ एका कारखान्यात होते, तेव्हा आम्हाला क्वार्टर होतं. क्वार्टर मिळालं त्या दिवशी बाबांनी सामान लावायच्या आधी भिंतीत एक चांगला जाड खिळा मारला आणि ही तसबीर लावली. पुढे बाबा गेले. कंपनीने क्वार्टर खाली करायला सांगितलं. सगळं सामान चढलं, टेम्पोवाला हॉर्न मारायला लागला, आणि आई परत आत गेली. मला वाटलं, रडायला गेली असेल, जाऊ दे, रडू दे जरा. वाट बघून मी आत गेले तर ही बाई स्टुलावर उभी राहून चहाच्या सांडशीने भिंतीतला खिळा उपटतेय! घामाने निथळतेय, पण सोडत नाहीये.

"आई, अगं काय हे?"

"भिंत कंपनीची आहे," ती म्हणाली. "खिळा आपला आहे. ह्यांनी मारलेला."

तो खिळा तिने शिवणाच्या डब्यात ठेवला, बटणं आणि हुकांच्या खाली. तेव्हापासून आमच्या घरात एक वाक्य सुरू झालं: "आपलं घर घेतलं की मारू." लोक घर घेतात ते गुंतवणूक म्हणून, लग्न जमावं म्हणून, नाहीतर भावाने घेतलं म्हणून. आम्हाला घर घ्यायचं होतं एक खिळा मारायला. बँकेच्या फॉर्मवर कर्जाचं कारण असं लिहिता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

मी नोकरीत पर्मनंट झाले तसा आम्ही घराचा शोध सुरू केला. मी ठाण्याला एका इन्शुरन्सच्या ऑफिसात आहे. लोकांना त्यांचा क्लेम का मिळणार नाही हे गोड आवाजात समजावणं हे माझं काम. त्यामुळे मला वाटायचं, मला कोणी गंडवू शकणार नाही. घर बघायला लागल्यावर कळलं की एजंट लोक माझे बाप आहेत.

आधी अंबरनाथ. आईला अंबरनाथ आवडायचं, तिची बहीण तिथे राहते. एका एजंटने फोनवर काय काय सांगितलं! गॅलरी आहे, लिफ्ट आहे, शाळा आहे, मॅडम तुम्ही फक्त या. आम्ही गेलो. तो जिना चढता चढता म्हणाला, "तसं काही नाही, सोसायटीवाले विचारतात म्हणून विचारतो. आडनाव काय तुमचं?" मी सांगितलं. तो दोन पायऱ्या चढला आणि थांबला. "अरे हां," म्हणाला, "हा फ्लॅट तर कालच गेला." सकाळी अकराला होता, आडनाव सांगितल्यावर कालच गेला! अशी आणखी दोन घरं गेली. आमच्या आडनावाचा पायगुणच असा की पडून राहिलेले फ्लॅट पटापट विकले जातात. मी आईला म्हटलं, आपण बिल्डरकडून कमिशन घेतलं पाहिजे. आई हसली नाही. घरी आल्यावर तिने चहा टाकला, शिवणाचा डबा उघडला आणि एक हुक काढून विनाकारण ब्लाउजला लावत बसली.

मग वांगणी. जाहिरातीत लिहिलं होतं, "निसर्गाच्या कुशीत." निसर्ग एवढा होता की परत यायला रिक्षा नव्हती. सॅम्पल फ्लॅट मात्र झकास. खोल्या ऐसपैस, पडदे, फुलदाणी. आई एका पलंगावर बसली आणि म्हणाली, "हा पलंग लहान मुलाचा आहे का गं?" मी नीट बघितलं. सगळंच फर्निचर बेतून छोटं केलेलं, आणि एकाही खोलीला दार नाही. दारं लावली असती तर ती उघडायला जागा कुठे होती! आई उठली आणि पदर झटकून म्हणाली, "बाहुला-बाहुलीचं घर आहे हे. आपण दोघी माणसं आहोत."

शेवटी बदलापूर. खरवईच्या बाजूला नवीन टॉवर उभे राहत होते. तिथला एजंट तरुण होता, पांढरे बूट घालून साइटवर फिरायचा. जीभ अशी की साखर पेरत जावी. आईला पहिल्या मिनिटाला "मावशी" केलं, मला "मॅडम." स्टेशनपासून दहा मिनिटं म्हणाला. कोणाची दहा मिनिटं, हे मी विचारलं नाही. मग त्याने सुरू केलं: "मावशी, हा फ्लॅट बघा, पूर्वमुखी. किचन आग्नेयेला. देवघराला ईशान्य कोपरा. वास्तू एकदम परफेक्ट. रेट थोडा वर आहे, पण चीज पण तशी आहे ना."

रेट ऐकून मी खिडकीबाहेर बघायला लागले. आई म्हणाली, "आम्ही वास्तू-बिस्तू मानत नाही बाळा."

त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू! "मानत नाही? पक्कं? अहो मग आधी नाही का सांगायचं!" आणि आम्हाला घेऊन लिफ्टने वर, पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला. तोच फ्लॅट, तेवढाच हॉल, उलट ह्या खिडकीतून डोंगर दिसत होता. फक्त दार दक्षिणेला. ती अख्खी लाइन पडून होती. लोक दारापर्यंत यायचे, मोबाइलवर होकायंत्र काढायचे आणि चप्पल न काढताच परत फिरायचे. म्हणून बिल्डरने त्या लाइनचा भाव उतरवला होता.

"दक्षिणेला काय आहे?" आईने विचारलं.

तो चाचरला. "काही नाही हो मावशी. म्हणजे लोक म्हणतात, यमाची दिशा आहे. माणूस टिकत नाही, असं."

आई दारात उभी होती. तिने हात दाराच्या चौकटीवर ठेवला आणि म्हणाली, "आमचे हे गेले तेव्हा आमचं दार पूर्वेलाच होतं."

पांढरे बूट घाईघाईने आत जाऊन खिडकी उघडायला लागले. मी मनात म्हटलं, चला, बाबांच्या आणि आजोबांच्या पिढीने देव-दैव सोडलं त्याचा फायदा शेवटी आमच्या पदरात पडतोय, तोही रोख सवलतीत. अंधश्रद्धा दुसऱ्याची आणि डिस्काउंट आपलं. यापेक्षा चांगला व्यवहार कोणता?

आम्ही घर तपासलं, ते मात्र अगदी बारकाईने. आई घरून बाटली घेऊन आली होती. तिने बाथरूममध्ये पाणी ओतलं आणि ते जाळीकडे जातं का ते वाकून बघितलं. नळ सोडले. खिडक्या ओढल्या. नदीला पूर आला तर पाणी कुठवर येतं हे वॉचमनला विचारलं, मग खात्री करायला खालच्या टपरीवाल्याला विचारलं. एजंटने मुठीने भिंत ठोकून दाखवली. "एक वीट नाही मावशी ह्यात. सगळं आरसीसी. ॲल्युमिनियमच्या साच्यात सलग ओतलेली भिंत. हत्तीने टक्कर मारली तर हत्तीला टाके पडतील." आईने पण ठोकून बघितलं. खणखणीत. ती खूश झाली.

जे एक तपासायला हवं होतं ते आम्ही दोघींनीही तपासलं नाही. खिळा तर तिच्या पर्समध्ये होता, रुमालात गुंडाळलेला. खाली साइटवर हातोड्या पडलेल्या होत्या. पण इतकी वर्षं भाड्याने राहिलेल्या माणसाच्या हे डोक्यातच येत नाही हो! घर बुक होईपर्यंत भिंत दुसऱ्याची, आणि दुसऱ्याच्या भिंतीला आपण हात लावत नाही.

माझा पीएफ, आईच्या पाटल्या आणि बँकेची मेहरबानी, असं करून बुकिंग झालं. पझेशन कधी? बिल्डर म्हणाला, दसऱ्याला. आई म्हणाली, फार चांगला दिवस. तिच्या दृष्टीने तर दसऱ्यासारखा दिवस नाही. आजोबांनी त्याच दिवशी दीक्षा घेतलेली. दसरा आला. बिल्डर म्हणाला, आम्ही ह्या दसऱ्याला म्हटलं नव्हतं. दरम्यान आंटींकडचं ॲग्रीमेंट संपलं, आम्ही आणखी एक घर बदललं. हप्ता तिकडे, भाडं इकडे. त्या काळात मी ऑफिसात लोकांशी जरा जास्तच गोड बोलायला लागले होते, कारण घरी येऊन उशीत तोंड खुपसून शिव्या देत होते.

आणि एकदाची किल्ली मिळाली. एजंटने पेढे दिले, किल्ली आईच्या हातावर ठेवली आणि लगेच सोडली. कोणी काही बजावलं नाही. आई थोडी थांबली, ऐकायची सवय ना. मग म्हणाली, "झालं? एवढंच?"

"एवढंच मावशी. तुमचंच घर आहे."

सामान यायच्या आधी, रिकाम्या हॉलमध्ये, आईने पर्समधून खिळा काढला. मी खालून सुताराची हातोडी मागून आणली. स्टूल घरचंच, तेच क्वार्टरमधलं. आई वर चढली. भिंतीचा मधोमध भाग तिने हाताने मापून घेतला, खिळा धरला आणि मारला.

ठण्ण. खिळा उडून स्वयंपाकघरात गेला.

आई म्हणाली, "हात चुकला." परत मारला. परत उडाला. तिसऱ्यांदा मी धरला, ती मारत होती. भिंतीला करंगळीच्या नखाएवढा खड्डा पडला. खिळा आत गेला नाही, वाकला. पार वाकला.

समोरच्या फ्लॅटमधली बाई आवाज ऐकून आली. माझ्याच वयाची, गोड स्वभावाची, सगळ्यांची काळजी असलेली. "अहो काकू, ह्या भिंतीत खिळा जात नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे पण नाही गेला. ड्रिलवाला बोलवावा लागतो. तो भोक पाडतो, प्लास्टिकचा गट्टू घालतो आणि स्क्रू लावतो. नंबर देऊ?"

मला असा काही संताप आला! दुसऱ्यांच्या पोपडे आलेल्या भिंती, ज्यात अंगठ्याने दाबला तरी खिळा गेला असता, तिथे मारू दिला नाही. आणि आता आयुष्यभराचं कर्ज डोक्यावर घेऊन भिंत आपली झाली, तर ती खिळाच घेत नाही! "एवढा दगड घेऊन करायचं काय?" मी ओरडले. "हत्ती येणारेत का आपल्याकडे जेवायला?"

आई खाली उतरली. वाकलेला खिळा तळहातावर घेऊन बघत राहिली, आणि क्वार्टर सोडताना जी रडली नव्हती ती आता रडली. आवाज न करता, पदराने नाक पुसत. मी म्हटलं, "आई, ड्रिलवाला बोलावू. आजच बोलावू." ती म्हणाली, "तो स्क्रू लावेल. मग ह्याचं काय करू मी?"

मी शेजारणीला निरोप द्यायला दाराशी गेले. परत वळले तर आई किचनच्या ओट्यावर खिळा आडवा ठेवून हातोडीने हळूहळू सरळ करत होती. मग ती बाहेरच्या दाराशी आली आणि आतल्या बाजूने चौकटीवरून हात फिरवायला लागली. चौकट लाकडाची होती. अख्ख्या घरात बिल्डरने मेहेरबानी करून लाकूड वापरलं होतं ते तेवढंच. कडीच्या बाजूला, चौकटीच्या अगदी कडेला तिने खिळा टेकवला आणि ठोकला. पहिल्या फटक्यात बसला.

तसबीर लागली. अर्धी चौकटीवर, अर्धी भिंतीवर, आणि थोडी तिरकीच. आई मागे सरकली, हात जोडले आणि मान वर करून वंदना म्हणायला लागली. इतकी वर्षं ती फ्रीजकडे बघून म्हणायची. या वेळी मध्ये कोणालाही मागे सरकवावं लागलं नाही.

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण दुसऱ्या दिवशी शेजारीण खीर न्यायला आली. आईने घराच्या निमित्ताने खीर केली होती. दारातून आत आल्या आल्या तिची नजर तसबिरीवर गेली. "अय्या, काकू!" ती म्हणाली. "बरं केलंत हो. दक्षिणेच्या दारावरच लावलीत. मी म्हणणारच होते, काहीतरी उपाय करा म्हणून. आम्ही घोड्याची नाल सुचवणार होतो. पण ही शांत आहे. ह्याने दोष जातो ना?"

"अहो, कसला दोष?" मी म्हटलं. "भिंतीत खिळा जात नव्हता म्हणून."

"हो हो," ती समजूतदारपणे हसली. लोक उपाय उघड सांगत नाहीत, हे तिला माहीत होतं.

संध्याकाळपर्यंत मजल्यावर झालं. दोन दिवसांत विंगमध्ये झालं. लिफ्टमध्ये एक काका मला विचारतात, "तसबीर नेमकी कडीच्या बाजूला लावायची की बिजागरीच्या?" घ्या! तीन पिढ्यांनी जे सोडायला घाम गाळला, त्याचा आम्ही बदलापुरात उपाय सुरू केला होता. मी प्रत्येकाला समजावत होते. जितकं समजावेन तितका त्यांचा विश्वास वाढत होता. आईला मात्र मजा येत होती. "लावू दे की," ती म्हणायची. "लोकांच्या घरी बुद्ध गेला तर तुझ्या पोटात का दुखतं?"

आणि एका रविवारी बेल वाजली. पांढरे बूट. मागे एक गिऱ्हाईक, साधारण आईच्या वयाची बाई, हातात कापडी पिशवी. आमच्या वरचा फ्लॅट अजून विकला गेला नव्हता. तोही दक्षिणमुखी. "मावशी, पाच मिनिटं," एजंट म्हणाला, आणि आत येऊन त्या बाईला तसबीर दाखवायला लागला. "हे बघा. ह्यांचं पण दक्षिण. पण ह्यांनी उपाय केला. तेव्हापासून बघा, काय सुखी आहेत!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझं लक्ष त्या बाईकडे गेलं. ती तसबिरीकडे बघतच नव्हती. ती भिंतींकडे बघत होती. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून, कोपऱ्यात अंग चोरून उभी, आपला धक्का कशाला लागू नये अशी. बसा म्हटलं तर "नको, नको" म्हणाली. कुठे राहता विचारलं तर म्हणाली, "इथेच, वांगणीला. भाड्याने."

आईने तिला पाणी दिलं. मग विचारलं, "काय लावायचंय भिंतीवर?"

ती बाई दचकली. "नाही, काही नाही. मुलीचा फोटो आहे. पेटीत असतो."

आई आत गेली. येताना शिवणाचा डबा आणि हातोडी घेऊन आली. आता हातोडी आमची स्वतःची आहे. डब्यात सुताराने टाकलेले दोन-चार खिळे होते, त्यातला एक तिने त्या बाईच्या हातात दिला. "घर घ्यायच्या आधी मारून बघ," ती म्हणाली. "वरची भिंत पण हीच आहे. मार."

"मावशी, मावशी," एजंट पुढे आला, "कशाला उगाच, भिंत खराब होईल..."

"इथे?" ती बाई म्हणाली. तिला खरंच वाटेना. "तुमच्या भिंतीला?"

"मग कोणाच्या?" आई म्हणाली. "माझीच आहे."

ती बाई माझ्याकडे बघायला लागली, मग एजंटकडे, जणू कोणीतरी ओरडेल. कोणी ओरडलं नाही. तिने खिळा भिंतीला लावला आणि घाबरत घाबरत हातोडी मारली. ठण्ण. खिळा एजंटच्या बुटापाशी जाऊन पडला. आधीच्या खड्ड्याशेजारी नवा खड्डा पडला. ती बाई "सॉरी, सॉरी" म्हणत पदराने भिंत पुसायला लागली, आणि आई तिला म्हणाली, "अजून एक मार. जोरात मार."

वरचा फ्लॅट तिनेच घेतला. लाकडी चौकट आहे का, हे मात्र आधी बघून घेतलं.

आमच्या हॉलच्या भिंतीवर ते खड्डे अजून आहेत, अगदी मधोमध, आल्या-गेल्याच्या डोळ्यांत भरतील असे. मागे रंगाऱ्याला काही कामासाठी बोलावलं होतं, तेव्हा तो म्हणाला, पुट्टी उरलीय, फुकटात बुजवून देतो. आई किचनमधून ओल्या हातांनीच बाहेर आली. "हात लावू नकोस," ती म्हणाली. "भाड्याचं घर नाहीये हे."